चार बंदुकांतली एक

निपाणीत परशरामची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. बंद पडलेलं कुठलंही इंजिन तो चालू करी, ही पहिली. आणि चालू केल्यावर आठवडाभर त्याचीच कथा सांगत फिरे, ही दुसरी. तिसरीही एक होती, पण तिच्यात त्याची स्वतःची कर्तबगारी काडीची नव्हती. त्याची बायको आक्काताई छर्‍याच्या बंदुकीनं दहा मीटरवरच्या कागदाला अशी भोकं पाडायची, की पाच छर्रे मारले तरी भोक एकच दिसावं. या तिसर्‍या गोष्टीचा त्याला पहिल्या दोन्हींपेक्षा जास्त अभिमान होता, आणि तो लपवायचं त्याला कधी जमलं नाही.

आक्काताई मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायची. बेळगावला कॉलेजात असताना एन.सी.सी.त तिला नेमबाजीचा नाद लागला, तो लग्नानंतरही सुटला नाही. सासू यल्लव्वानंही तो सोडवायचा प्रयत्न केला नाही. 'सून दिसंना, बाजारला गेलीया काय?' असं शेजारणीनं विचारलं की यल्लव्वा ठसक्यात सांगायची, "न्हाय, बंदूक मारायला गेलीया." मग शेजारणीचं तोंड बघत ती मजेत पान लावत बसायची.

त्र्याऐंशी सालची दिवाळी झाली की बेळगावात जिल्ह्याची निवड होती. पहिले चारजण बंगळूरला राज्याच्या स्पर्धेला जाणार, आणि त्या वर्षी प्रथमच बायकांनाही त्याच यादीत धरणार होते. आक्काताईनं या संधीची कित्येक वर्षं वाट पाहिली होती. आणि नेमकी महिनाभर आधी तिची बंदूक मोडली. तिची म्हणजे नेमबाजी मंडळाचीच, तीन नंबरची. पण पहिल्यापासून ती तिनंच हाताळलेली. कुणा नवशिक्यानं छर्रा भरताना वाकवलेली नळी हातातून सोडून दिली. नळी फाडकन जागेवर आदळली, वाकली, आणि लाकडी दस्त्याला चीर गेली. मंडळात धड अशी एकच बंदूक उरली आणि तिच्यावर पाच पुरुषांचा डोळा होता. बंदूक नाही, तर आक्काताईला निवडीला उभंच राहता येणार नव्हतं.

तंबाखूच्या एका वखारीतली रिकामी खोली हेच मंडळाचं ठिकाण. तिथली हत्यारं धर्मराज अण्णा सांभाळत. पलटणीत बंदुका दुरुस्त करण्यातच त्यांची सगळी नोकरी सरलेली. परशराम त्यांच्याकडे गेला तेव्हा त्यांनी लोखंडी ट्रंक उघडून दाखवली. आत तीन नंबरसकट चार मोडक्या बंदुका पडल्या होत्या.

"ह्या चार मढ्यांतनं एक जिती करून दाखीव," अण्णा म्हणाले. "मंडळाची ना न्हाय. पर जुळवून कर. दिसलं म्हणून कशातबी कायबी बसवू नगंस."

"अण्णा, मी पंपाच्या इंजनाला टॅक्टरचं पिस्टन बसवलंय!"

"व्हय. आन् ते इंजन आता कुटं हाय?"

परशरामनं ट्रंक उचलली आणि निघाला.

पुढचे पंधरा दिवस वर्कशॉप सुटलं की तो घरच्या ओसरीवर त्या चार बंदुका पसरून बसे. स्थळं जमवणार्‍या मध्यस्थाच्या वर त्याची चिकित्सा. नळी एक नंबरची घेतली. उजेडाकडे धरून आतून पाहिली तर आरशासारखी लख्ख. तिचा सांधा दोन नंबरच्या सिलिंडरला बसेना, म्हणून त्यानं सांध्यात बसवायला लेथवर पितळी बुश घडवला, आणि तो असा घडवला की खटका लागल्यावर नळी तसूभर हलू नये. पिस्टनच्या तोंडाला चामड्याचं वॉशर लागतं. चार बंदुकांतली चारही वॉशरं वाळून पापड झालेली. परशराम चपला करणार्‍या सिद्रामकडे गेला, चांगलं कमावलेलं चामडं कापून आणलं, तेलात मुरवलं आणि सिलिंडरच्या मापाला घासून घासून बसवलं. दस्ता चार नंबरचा. काळाभोर शिसवी, एक ओरखडा नाही. तीन नंबरचा चिरलेला दस्ता त्यानं जळणात टाकला. छर्‍याला जोर देणारी स्प्रिंग निवडताना तर त्याला विचारही करावा लागला नाही. चारांतली सगळ्यात ताठ, दोन्ही हातांनी दाबली तरी दबेना, ती त्याची.

पहिला छर्रा रॉकेलच्या डब्याच्या आरपार गेला.

"माझा डबा!" यल्लव्वा आतून ओरडली.

"दोन्ही पत्रं फोडलं बघ आयं!" परशराम म्हणाला. त्याला डब्याचं काय!

आक्काताईनं बंदूक हातात घेतली, फिरवून फिरवून बघितली. "लई देखणी झालीया," ती म्हणाली, आणि खोटं नव्हतं ते. ओबडधोबड तुकड्यांतून इतकी सुबक वस्तू उभी राहिलेली पाहून धर्मराज अण्णांनीही मान डोलावली होती.

ती रोज सरावाला जाऊ लागली. परत आली की परशराम विचारी, "कशी मारतीया?"

"चांगली हाय."

एरवी एकेका छर्‍याचं रामायण सांगणारी बाई दोन शब्दांवर थांबायची, आणि या शहाण्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. कौतुक ऐकायची घाई झालेल्या माणसाला दोन शब्दही पुरतात. तिकडे वर्कशॉपात त्याचं डब्याच्या दोन पत्र्यांचं आख्यान चालूच होतं.

निवडीला आठ दिवस उरले असताना रविवारी तो आंघोळीचा बंब पेटवायला गेला. जळणाच्या टोपलीत कागदाचे बोळे होते. एक उलगडला, तर सरावाचा नेमकागद. भोकं चहूकडे, जणू कुणी मूठभर ज्वारी फेकून मारली असावी. दुसरा उलगडला, तिसरा उलगडला. सगळे तसलेच. आक्काताईचा हात त्याला ठाऊक होता. तो तिथंच बंबाशेजारी बसला.

"हे काय गं?" ती आल्यावर त्यानं विचारलं.

आक्काताईनं कागद पाहिले आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. "तुमी रातध्याड एक करून केलासा. काय म्हणू मी?"

"निवडीला हीच घेऊन जानार व्हतीस?"

"व्हय."

"आन् नाव न्हाय आलं तर?"

"न्हाय आलं तर न्हाय." एवढं बोलून ती पाठमोरी झाली. तिला रडू येत होतं ते त्याला कळलं.

परशरामला आधी राग आला. बंदुकीत खोट नव्हती, त्याची छातीठोक खात्री होती. मग तो राग हळूहळू स्वतःकडे वळला, कारण तिची सगळी वर्षं ती पाण्यात सोडायला निघाली होती, आणि तेही त्याचं मन मोडू नये म्हणून. त्यानं बंब तसाच ठेवला.

"हिकडं बस," तो म्हणाला. "तीन नंबरात असं काय व्हतं, सांग मला."

"कायबी न्हवतं. दस्ता गालाला लागायचा तितंच लागायचा. डोळं झाकून उचलली तरी नळीवरची नेमाची माशी डोळ्यापुढं. हिचा दस्ता उंच हाय, मान वाकडी करावी लागतीया. आन् चाप वढला की ही आतनं धक्का देतीया. छर्रा नळीतनं भाईर पडायच्या आदीच हात हालतोय."

परशराम ऐकत राहिला. नळीला सिलिंडर जुळवला होता, सिलिंडरला वॉशर, वॉशरला तेल. सगळं एकमेकांना जुळलं होतं. जिच्यासाठी जुळवलं, तिला मात्र त्यानं एकदाही ओसरीवर बोलावलं नव्हतं.

त्यानं जळणाचा ढीग उपसला. तीन नंबरचा दस्ता तळाशी होता, नशीब की जळाला नव्हता. चिरेत सरस भरून, आडवा स्क्रू घालून त्यानं तो बांधला. आक्काताईच्या गालानं गुळगुळीत झालेल्या जागेला मात्र पॉलिश कागदसुद्धा लावला नाही. मग त्या दस्त्याला बाकीचं जुळवायला घेतलं. या खेपेला ती शेजारी बसलेली. स्प्रिंगा त्यानं एकेक चढवल्या, आणि तिनं मारून पाहिल्या.

"ही?"

"न्हाय."

"ही?"

"जरा बरी."

शेवटी राहिली ती चारांतली सगळ्यात मऊ, तीन नंबरचीच थकलेली स्प्रिंग. ताकदीच्या गोष्टी सांगणार्‍या परशरामनं ती आपल्या हातानं बसवली. आक्काताईनं पाच छर्रे मारले. बंदूक उगाच हळू खोकल्यासारखी वाजली. रॉकेलचा डबा सोडाच, तिच्यानं पुठ्ठाही जेमतेम फुटला असता. पण कागदाला एकच भोक होतं, कडेला जरासं कुरतडलेलं.

"अवं," आक्काताई म्हणाली आणि हसायलाच लागली. त्या हसण्यावर परशरामनं सगळी इंजिनं ओवाळून टाकली असती.

बेळगावच्या हॉलमध्ये तो सगळ्यात मागं उभा राहिला. तिथून कागद दिसत नव्हता, फक्त तिची पाठ दिसत होती. प्रत्येक छर्‍याआधी ती पाठ अशी निश्चल व्हायची, की बघणार्‍यानंही श्वास धरावा. आजूबाजूला चकचकीत बंदुका घेतलेले पुरुष घाम पुसत होते. ही आपली बायको, असं त्याला लग्नाच्या नऊ वर्षांत पहिल्यांदा कळल्यासारखं वाटलं, आणि छाती भरून आली.

निकाल वाचला गेला. आक्काताई तिसरी आली होती. बंगळूर पक्कं!

निवडलेल्यांच्या बंदुका टेबलावर मांडून घेत होते. पंचांनी आक्काताईची उचलली. नळीवर एका कंपनीचा शिक्का, सिलिंडरवर दुसरीचा, दस्ता सांधलेला.

"कोणत्या कंपनीची ही?" त्यांनी विचारलं. हॉलमध्ये दोघेचौघे हसले.

आक्काताईनं मागं वळून नवर्‍याकडे पाहिलं. मग पंचांकडे तोंड करून, शाळेच्या मैदानावर कवायतीचा हुकूम द्यावा तशा खणखणीत आवाजात म्हणाली, "परशराम."

लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. परशरामनंही नाही.

"ऐकली नाही ही कंपनी," पंच म्हणाले.

"निपाणीची हाय," आक्काताई म्हणाली. "एकच बंदूक काढलीया त्यांनी."