आप्पांनी अंथरलेली घोंगडी

आधी माफी मागते. माझं हे बोलणं मष्णू लिहून घेतोय आणि त्यानं तिसरीतच शाळा सोडली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, शब्दही साधेच आहेत. मी तरी कुठली शिकलेली? मी एक काळी घोंगडी, निपाणीकडच्या धनगरानं विणलेली, चिंचोक्याची खळ पिऊन ताठ झालेली.

मष्णूच्या वडिलांनी, आण्णाप्पांनी, मला आणलं ते प्लेगाच्या साली. घरात त्यांना सगळे आप्पा म्हणत. गाव रिकामं करून माणसं वेदगंगेकाठी शेतात झोपड्या घालून राहिली होती. आप्पांच्या झोपडीत बारा तोंडं आणि चुलीपुढं एकटी त्यांची बायको, मनुबाई. सगळ्यांना वाढून उरलं तर ती खाई. एका दुपारी ती परातीवरच कोसळली. तेव्हा कुठं आप्पांना कळलं की दोन दिवस तिच्या पोटात काही नाही. त्यांनी जांभळीखाली मला अंथरलं, तिला बसवलं आणि जन्मात पहिल्यांदा भाकरी थापली.

प्लेग गेला. पण दर येळ अमावस्येला, सगळा गाव शेतात जेवायला निघे तेव्हा, आप्पा गाडी जुंपून घरच्यांना त्याच जांभळीखाली नेत. स्वतः रांधत, आधी मनुबाईला वाढत आणि शेवटी मातीवर बसून जेवत.

"आण्णाप्पा, लुगडंबी नेस की रं!" शेजारचा भरमू ओरडायचा.

"नेसतो की. पर आधी हिचं जेवण हू दे."

गेल्या पावसाळ्यात आप्पा गेले. "त्यांची रीत मोडायची न्हाय," थोरला लेक परशराम म्हणाला. मला बरं वाटलं. पण येळ अमावस्येला जांभळीखाली त्यानं तंबाखूच्या वखारीतले चार दोस्त बोलावले. पाचही जण माझ्यावर लोळले आणि मनुबाई धुरात भाकऱ्या थापत बसली.

"आई, रस्सा आण गं! लई उशीर लावतीस."

एकानं रश्श्याचे हात मला पुसले. परशरामानं तंबाखूची पिंक टाकली, ती मनुबाई बसायची त्याच कोपऱ्यावर. मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "आमचा आप्पा देवमाणूस. आईला कवा हुबं ठेवलं न्हाय त्यानं." मनुबाई त्याच्या पाठीमागं भाकरीची बुट्टी घेऊन उभी होती.

मेंढीच्या अंगावर होते तेव्हा मी गोचिडं सोसली, शेण सोसलं. थुंकी घासली तर जाते. परशरामाच्या डोळ्यांतल्या त्या पाण्याची मला जास्त किळस आली.

धाकटा मष्णू बैलांपाशी मान खाली घालून उभा होता. त्याचीही किळस आली. हे वाक्य त्यानं न खोडता लिहिलंय.

पाहुणे उठले तेव्हा बुट्टीत करपलेला एक तुकडा होता. मनुबाईनं तो उभ्यानंच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, परशराम अंथरुणात असतानाच, मष्णूनं माझा कोपरा राखेनं घासला आणि गाडी जुंपली.

"चल, आई."

"आज कसली अमावस्या रं?"

"चल म्हणतो न्हवं!"

एवढ्या मोठ्यानं तो पहिल्यांदाच बोलला.

जांभळीखाली त्यानं मला अंथरलं, आईला बसवलं, चूल पेटवली. पहिली भाकरी तव्यावर टाकतानाच मोडली. दुसरी एका अंगानं कच्ची राहिली. मनुबाईनं घास चावला, बराच वेळ चावला आणि हसली.

"त्यांची पयलीबी असलीच व्हती."

मग सरकून तिनं जागा केली. "ये की रं, बस."

मष्णू मातीवरच बसला, पिठाचे हात तसेच ठेवून, तिचं जेवण होईपर्यंत.