उस्तादांचा सलाम

त्या दिवशी सकाळपासून होशुराखूनला एका जागी बसवत नव्हतं. ओट्यावर टेकला की लगेच उठे, अंगणातल्या जर्दाळूला फेरी घाली, फाटकापर्यंत जाई नि परत येई.

"अहो, पायाला भिंगरी लागलीय का?" ताजिगुल कणीक मळता मळता करवादली. "विक्रम मोडला म्हणून एवढं? तुमच्याच चेल्यानं मोडला ना, परक्यानं तर नाही?"

"तुला काय कळतंय त्यातलं!"

खरंच, तिला सगळं कुठे ठाऊक होतं?

येंगिसार गावात दोरावर चालणारे पुष्कळ, पण होशुराखून एकच. तरुणपणी तो जर्दाळू हिरवे असताना दोरावर चढला, ते जर्दाळू छपरांवर वाळत पडेपर्यंत उतरला नाही. चालायचं दोरावर, झोपायचं खांबाच्या टोकावरल्या खोपटात, जेवण टोपलीतून वर ओढून घ्यायचं. पाय जमिनीला लागला की खेळ खलास. त्या एका उन्हाळ्यावर म्हातारा जन्मभर ताठ मानेनं वावरला. लग्न असो की मयत, मानाची जागा त्याची.

यंदा त्याचा चेला मुतेल्लिप चढला. होशुराखूननंच लहानपणी त्याला दोरावर उभं केलं होतं. चढण्याआधी पोरानं रीतीप्रमाणे उस्तादांची दुआ घेतली आणि उस्तादांच्याही पुढे गेला. गावानं ढोल बडवले. पण मग नाक्यावरचा टरबूजवाला म्हणू लागला, "मी त्याला एका सकाळी जमिनीवर उभा पाहिलाय." झालं! आज दुपारी विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या समितीचे साहेब याचा निकाल लावणार होते.

टरबूजवाल्यानं पाहिलं ते खरं होतं, पण अर्धंच. विक्रम मोडायला एक-दोन दिवस उरले असताना होशुराखून तीळ लावलेली गरम नान घेऊन दोरापाशी गेला होता. दोरावर नजर ठेवणारा राखणदार चहाला गेला होता. समोर टोपली लोंबत होती. नान तीत ठेवून दोरी हलवली असती तर काम झालं असतं. पण म्हाताऱ्यानं मान वर केली आणि आपण होऊन सलाम केला.

उस्तादांनी आधी सलाम करावा आणि चेल्यानं त्यांच्या डोक्यावर उभं राहून तो घ्यावा? या गावात वडीलधारं माणूस दिसलं तर गाढवावरचा माणूससुद्धा खाली उडी मारतो. मुतेल्लिप उतरत्या दोरावरून धावतच खाली आला, तोलाची काठी बाजूला ठेवली, छातीवर हात ठेवून वाकला आणि दोन्ही हातांनी नान घेतली. मग दोघांचीही नजर त्याच्या धुळीतल्या अनवाणी पायांवर गेली. पोरगा गुपचूप वर गेला.

तेव्हापासून म्हाताऱ्याच्या जिवाला घोर लागला होता. सवयीनं सलाम केला म्हणावं, तर सवय उलटी होती. आजवर सलाम मुतेल्लिपच आधी करायचा.

दुपारी खांबाखाली गाव जमलं. साहेब बाहेरगावचे, घाईतले.

"काय हो, उतरला होतात?"

"उतरलो होतो," मुतेल्लिप म्हणाला. "पायात गोळा आला. सोसवेना."

टरबूजवाल्यानं मिशीवर हात फिरवला. साहेब म्हणाले, "म्हणजे विक्रम होशुराखूनचाच राहिला!" ढोल वाजला, कोणीतरी म्हाताऱ्याला मिठी मारली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगा भर गावात कच्चा ठरत होता, कोणासाठी, हे त्या गर्दीत दोघांनाच ठाऊक होतं.

"थांबवा तो ढोल!" होशुराखून ओरडला. "गोळाबिळा काही आला नव्हता. मी खाली उभा होतो. मी त्याला सलाम केला. आधी, मी."

ढोल थांबला, माना खाली गेल्या. टरबूजवाल्यानंसुद्धा मान खाली घातली.

साहेब इकडेतिकडे बघू लागले. "सलाम केला, मग त्यात काय बिघडलं?"

नियम तो नियम, विक्रम होशुराखूनच्याच नावावर राहिला. पण लोक पांगले ते त्याच्याकडे न बघताच.

तो कालव्याच्या कडेनं एकटाच घराकडे निघाला. मागून पावलं वाजली, तरी त्यानं वळून पाहिलं नाही.

"उस्ताद, कशाला सांगितलंत? माझं निभावलं असतं."

"माझं निभत नव्हतं," म्हातारा म्हणाला. "तू वरूनच का नाही रे सलाम घेतलास? एवढे दिवस काढलेस, तेवढं सुचलं नाही?"

"नाही सुचलं."

"मला सुचलं होतं. तू उतरशील, हे मला ठाऊक होतं."

मुतेल्लिप जागीच थांबला. होशुराखूनला वाटलं, आता हा मागे फिरणार. मग पोरानं पुढे येऊन दुआसाठी दोन्ही तळवे पसरले.

"पुढच्या वर्षी पुन्हा चढतोय, उस्ताद. सकाळी बाजारात जाताना माझ्या दोराखालूनच जा. पण सलाम मी आधी करीन, वरूनच."