माळेआडचा हवेचा काटा

मी एक जुना काटा आहे. घड्याळातला नव्हे आणि तराजूचाही नव्हे, ट्रकमधला हवेचा काटा. मित्रांनो, तुम्ही मला ओळखत नसाल आणि त्याचं मला काडीचंही नवल वाटत नाही. माझ्या समोर बसून ज्यांनी वर्षानुवर्षे ट्रक हाकला, त्यांनी तरी मला कुठे ओळखलं?

आधी थोडं शिकवतो, नाहीतर पुढे माना डोलवाल आणि कळणार मात्र काही नाही. तुमच्या सायकलचा ब्रेक तुम्ही हाताने दाबता. रुईच्या, म्हणजे दाबलेल्या कापसाच्या, गाठींनी भरलेला ट्रक असा हाताच्या जोरावर थांबत नसतो. त्याचा ब्रेक हवेवर चालतो. इंजिनाला एक पंप जोडलेला असतो, त्याला कॉम्प्रेसर म्हणतात. तो हवा कोंबून कोंबून लोखंडी टाकीत भरतो. ड्रायव्हरने पाय दाबला की ती हवा नळ्यांमधून चाकांपर्यंत धावते आणि ब्रेक आवळते. दर वेळी थोडी हवा खर्च होते. इंजिन चालू असलं तर नवी हवा येते, बंद असलं तर येत नाही. टाकीत किती हवा उरली, हे सांगणारा मी. काटा वर असला म्हणजे ब्रेक लागणार आणि लाल पट्ट्यात आला म्हणजे देवाचं नाव घ्या. इतकी सोपी गोष्ट आहे. पहिलीतल्या मुलाला कळेल, पण मोठ्या माणसांना कळत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी तबकडी पांढरीशुभ्र होती. माझ्या शेजारी एक बझर बसवला होता. मी लाल पट्ट्यात आलो की ओरडायचं, एवढंच त्याचं काम. आवाज अगदी भिकार, पण गडी प्रामाणिक. आमचा ट्रक आदिलाबादच्या भगवानरावांनी घेतला. ते कापसाचे व्यापारी. तेव्हा आदिलाबाद आंध्र प्रदेशात होतं आणि गाडीच्या नंबरपाटीवर एपी एक लिहायचे. ट्रक दारात आला त्या दिवशी काय तो थाट! नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, चारी चाकांखाली लिंबं चिरडली. मागच्या फळीवर मोर काढला होता, त्याचं गावभर कौतुक झालं. माझ्याकडे एकानेही पाहिलं नाही. लोकांना मोर लागतो.

पहिला ड्रायव्हर दौलत, तलमडुगूचा. माणूस आंबट तोंडाचा, पण बघणारा. सकाळी इंजिन सुरू करायचा आणि मी वर चढेपर्यंत गाडी जागची हलवायचा नाही. मग इंजिन बंद करून चहा पीत माझ्याकडे टक लावून बसायचा. मी जागच्या जागी राहिलो तर ठीक. हळूहळू खाली आलो, तर कुठेतरी हवा फुसफुसत असणार. मग हा गडी साबणाचं पाणी घेऊन नळीनळीला लावत फिरायचा आणि बुडबुडे शोधायचा. टाकीच्या बुडाशी एक तोटी असते. कोंबलेल्या हवेचं पाणी टाकीत साचतं, ते रोज त्या तोटीतून सोडावं लागतं. दौलत ते रोज सोडायचा. कापूस मार्केटातले हमाल त्याला हसायचे.

"काय दौलतमामा, गाडीले आंघोळ घालून राह्यले का?"

"हवा हाये तवर गाडी आपली," तो म्हणायचा. "हवा गेली का गाडी उताराची. मंग हसजा."

त्याने मला कधी फडक्याने पुसलं नाही की चांगला शब्द बोलला नाही. पण माझं ऐकायचा. पुढे त्याचे गुडघे गेले आणि तो घरी बसला. मग आला महिपत.

महिपत जैनथचा. स्टेअरिंगवर हात मोठा सफाईदार, हे मलाही मान्य करावं लागेल. पण डोक्यात सगळा भोंगा. भगवानरावांच्या मागे लागून त्याने नागपूरहून पाच नळ्यांचा हॉर्न आणवला. गाणं वाजवायचा तो. आता हा हॉर्न वाजतो कशावर? हवेवर! आणि ती हवा कुठली? माझ्या टाकीतली, ब्रेकच्या वाट्याची. लोक रस्त्यात थांबून वाहवा करायचे आणि त्या प्रत्येक सुरागणिक मी खाली सरकायचो. बझरचं तर त्याने आठवड्यात वाटोळं केलं. सकाळी टाकी रिकामी असते, म्हणून बझर ओरडायचा. ओरडणारच! त्यासाठीच तर त्याला बसवला होता.

"काय कटकट हाये बे सकाळी सकाळी!" महिपत म्हणाला आणि खालची तार ओढून तोडली. गडी तोंड असून मुका झाला.

राहिलो मी. माझाही बंदोबस्त झाला आणि तो केला महिपतच्या बायकोने. पंचफुला तिचं नाव. जैनथच्या जत्रेतून तिने प्लास्टिकच्या फुलांची माळ आणली, लाल-पिवळी. माझ्या वर लावलेल्या देवीच्या फोटोला घातली तर माळ लांब झाली. म्हणून तिने उरलेली माळ फोटोखालून ओढून थेट माझ्या तोंडावर ताणून बांधली.

"ते गोल गोल उघडं दिसते, बरं नाई वाटत," ती म्हणाली.

बरं नाही वाटत! अहो, मी काय तुमच्या दिवाणखान्यातली खिडकी आहे, पडदा लावायला? सगळ्या माणसांत मला त्या बाईचा सगळ्यात जास्त राग होता. महिपत निदान आळशी होता. हिने तर हौसेने माझे डोळे बांधले.

आता महिपतची खरी करामत ऐका. आदिलाबादहून निर्मलकडे जाताना घाट लागतो. मोठी मोठी वळणं, साग आणि बांबूचं जंगल. घाटाच्या माथ्यावर आलं की हा बहाद्दर इंजिनच बंद करायचा. उतारावर गाडी आपोआप जाते, मग डिझेल कशाला जाळायचं, हा त्याचा हिशेब. वर इंजिनाची घरघर थांबल्यामुळे हॉर्न कसा गोड ऐकू येतो, असंही म्हणायचा. म्हणजे बघा, नवी हवा भरणारा पंप बंद आणि साठवलेली हवा ब्रेक आणि हॉर्न दोघं मिळून खाणार. भगवानराव खूश.

"महिपतची गाडी डिझेल खातच नाई!" असं ते चारचौघांत सांगायचे. एवढा मोठा व्यापारी, कापूस हातात धरून त्याची जात सांगायचा, पण गाडी काय खाते आणि काय पिते हे त्याला कळत नव्हतं.

असाच नशिबावर कारभार चालला होता. मग पंचफुलाच्या बहिणीला निर्मलला मुलगा झाला आणि बारशाला जायचं म्हणून ती ट्रकमध्ये बसली. मागे गाठी छताच्याही वर रचलेल्या. मांडीवर बाळासाठी शिवलेली दुपटी आणि झबली. हसत होती, बोलत होती. महिपतच्या अंगात तर वारंच शिरलं होतं. बायको शेजारी आहे म्हटल्यावर हॉर्नला उसंत नाही.

घाटाच्या माथ्यावर त्याने चावी फिरवली आणि इंजिन गप्प झालं.

"आयकजो आता," तो म्हणाला आणि गाणं सुरू केलं. एका वळणावर ब्रेक, मग गाणं, पुढच्या वळणावर ब्रेक, पुन्हा गाणं. माळेआड मी घसरत होतो. लाल पट्टा जवळ आला, मग मी त्याच्यात शिरलो. शेजारी बझर मुका. मी काय करणार? काट्याला ओरडता येत नाही.

पंचफुलाच्या पदराचं टोक माळेच्या तारेत अडकलं. ते सोडवायला तिने माळ वर उचलली आणि मी उघडा पडलो.

"अवो, हे काय लालमंधी गेलं?"

"ते असंच हाये. जुनं झालं ते."

"असंच काऊन असंल? खाली येऊन राह्यलं ना हे! तुमी गाणं वाजवता आन् हे खाली येते. आता पाह्यलं म्या."

"तुले काय समजते त्यातलं? चूप बस."

तेवढ्यात वळण आलं. महिपतने ब्रेक दाबला. पाय खालपर्यंत गेला, फुस्स झालं आणि ट्रक होता त्याच वेगात पुढे निघाला. त्याने पुन्हा दाबला. काही नाही. महिपतच्या तोंडाचं पाणी पळालं. मला विचाराल तर त्या क्षणीही मला त्याची दया आली नाही. ज्याने माझ्याकडे कधी पाहिलं नाही, त्याने आता बघावं, एवढंच वाटत होतं.

खालच्या वळणावर दरीच्या बाजूला एक जीप उभी होती. माणसं उतरून भर रस्त्यात माकडांना फुटाणे टाकत होती. बायामाणसं होती, कडेवर लेकरं होती. माकडांकडे बघत होती सगळी. मागून डोंगराएवढं ओझं येतंय, याचा कोणाला पत्ता नाही.

महिपतने हातब्रेक ओढला, पण एवढा भार त्याला काय जुमानतो! मग त्याने चावी फिरवली, दात आवळून गिअर घुसवला आणि क्लच सोडला. गाडीला हिसका बसला, गाठी कुरकुरल्या आणि इंजिन एकदाचं धडधडलं. कॉम्प्रेसर कामाला लागला. वेग जरा तुटला, पण पुरेसा नाही. आणि आता या शहाण्याचा हात कुठे गेला असेल? हॉर्नकडे!

पंचफुलाने फाडकन त्याच्या हातावर मारलं.

"हात नका लावू त्याले! त्यानंच खाल्लं सारं!"

"अवं, माणसं हायेत समोर!"

"मी हाये ना!"

तिने देवीच्या फोटोवरून माळ हिसडून काढली, खिडकीतून अर्धी बाहेर निघाली आणि ती लाल-पिवळी माळ गरगर फिरवत ओरडत सुटली, "सरका! हटो! जरगंडी! सरका वो बाई!" मराठी, हिंदी, तेलुगू, जे तोंडात येईल ते. माकडं आधी पळाली. मग माणसांनी वळून पाहिलं आणि लेकरं उचलून जीपच्या आड धाव घेतली.

"काटा कुठं हाये?" महिपत ओरडला. नजर रस्त्यावरून काढायची सोय नव्हती. त्या गाडीत बसल्यापासून त्याने पहिल्यांदा मला विचारलं होतं.

पंचफुला आत आली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"वर येऊन राह्यला... थांबा... लालमंधीच हाये अजून... दाबू नका... आला, लालच्या बाहीर आला! आता दाबा!"

महिपतने दाबला. एकदाच, आणि धरून ठेवला. ब्रेक लागला. त्याने स्टेअरिंग डावीकडे घेतलं, ट्रक डोंगराच्या मातीला घासत गेला, दोन गाठी खाली पडल्या, माझी काच तडकली आणि आम्ही थांबलो. जीप आमच्या उजव्या हाताला होती. तिच्या आड एक बाई लेकराला छातीशी घट्ट धरून रडत होती. पंचफुलाने माळ मांडीवर ठेवली आणि तीही रडायला लागली. महिपतचा पाय ब्रेकवरच होता, बराच वेळ.

आता तुम्हाला वाटेल, सगळे शहाणे झाले असतील. छे! जमलेले लोक म्हणाले, देवीनं वाचवलं. कोणी म्हणालं, महिपतचा हात चांगला. दुसऱ्या दिवशी भगवानराव नारळ आणि लिंबं घेऊन आले. चाकांखाली परत लिंबं! मला हसू आवरेना. पण पंचफुला ट्रकच्या दारात उभी राहिली आणि सरळ मालकाला म्हणाली, "मालक, नारळ मंग फोडजा. आदी त्या ओरडणाऱ्याची तार जोडा. आन् तो भोंगा काढा."

भगवानराव चिडले, लाल झाले, पण तार जोडली. भोंगा काढला. माझ्या तोंडावर पुन्हा काही आलं नाही. त्यानंतर ट्रक तिच्या दारातून निघाला की पंचफुला हातातलं काम टाकून बाहेर यायची आणि विचारायची, "काटा कुठं हाये?" महिपतला थांबून, बघून सांगावं लागायचं. नाही सांगितलं तर ती चाकासमोरून हलायची नाही. लोक त्याला बायकोचा गुलाम म्हणायचे. म्हणोत.

मित्रांनो, तुम्ही ट्रक चालवणार नाही कदाचित. पण कोणाच्या तरी गाडीत बसाल. तेव्हा मोर बघू नका, गाणं ऐकत बसू नका. ड्रायव्हरच्या समोर जे गोल, कंटाळवाणं, कोणी न पुसलेलं काही असतं, तिकडे बघा आणि तोंड उघडून विचारा. "तुले काय समजते," असं तो म्हणेल. तरी विचारा.

ट्रक भंगारात गेला तेव्हा पंचफुलाने मला मागून घेतलं. आता जैनथला तिच्या घराच्या भिंतीवर खिळ्याला लटकतो आहे. काच तडकलेली, काटा शून्यावर. तीच प्लास्टिकची माळ तिने माझ्याभोवती घातली आहे, पण माझ्या तोंडावर एक फूलसुद्धा येऊ दिलेलं नाही. महिपत म्हातारा झाला. ट्रक सुटला, आता सायकलवर बाजाराला जातो. तो दाराबाहेर पडला की स्वयंपाकघरातून आवाज येतो, "काटा कुठं हाये?"

"सायकल हाये वं ही!" तो खेकसतो.

खेकसतो खरा. पण मी इथून बघतो, वेड्यासारखा तो दोन्ही ब्रेक दाबून बघतो आणि मगच टांग मारतो.