टोपलीतलं कार्ड

यंदाची कार्डं आली तेव्हा सगळा कोळीवाडा नाचला आणि मी एकटी चिडले.

आमच्या वेसाव्यात शिमग्याच्या आधी अंडरआर्म क्रिकेटचे सामने होतात आणि त्याआधी खेळाडूंचा लिलाव. बंदरावर सकाळी मासळीचा होतो, अगदी तसाच. संघांच्या मालकिणी मासळीवाल्या बायका, पुकारा करणारी तीच सोनूबाई, टोपलीही तीच, फक्त धुतलेली. टोपलीत खेळाडूंची छापील कार्डं असतात. सोनूबाई एकेक कार्ड काढते, मालकिणींच्या हातातून फिरवते आणि मग बोली लागते. विकला गेलेला पोरगा आपलं कार्ड घरी नेतो. टोपलीत कार्ड नाही तर लिलावात नाव नाही, हा पहिल्या वर्षापासूनचा कायदा. मी धंद्याने शिंपी, बॅट कधी हातात धरली नाही, पण पहिल्या वर्षापासून प्रत्येक कार्डाची एक प्रत केतनकडून हक्काने मागून घेते. केतनचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे, कार्डं तोच बनवतो. आणि दर वर्षी माझ्याकडून शिव्या खातो.

माझं मत विचाराल तर सगळ्यात सुंदर कार्डं पहिल्या वर्षीची. गुलाबी जाड कागद, पासपोर्ट फोटो, खाली नाव आणि ‘उजवा’ किंवा ‘डावखुरा’. रेशन कार्डासारखी दिसतात, पण माणूस माणसासारखा दिसतो. पुढे केतनला कॉम्प्युटरमधल्या ज्वाळा सापडल्या. मग काय, माकडाच्या हाती कोलीतच! दादूच्या मागे सिंह, परेशच्या मागे गरुड, कोणाच्या डोक्यावर वीज. हा दादू घरात पाल निघाली तर बायकोला हाक मारतो.

त्यानंतर आला धडांचा जमाना, आणि तो संपता संपेना. निळी जर्सी, हाताची घडी, रुंद छाती. धड सगळ्यांचं एकच, वर फक्त मुंडकं बदललेलं. डावखुऱ्यांसाठी केतन तेच धड उलटं करायचा, त्यामुळे जर्सीवरचा आकडाही उलटा दिसायचा. माझा खरा राग मात्र मानेवर. चेहऱ्यावर उजेड एकीकडून, छातीवर दुसरीकडून, आणि मधे मानेपाशी चोरटा जोड. ब्लाउजच्या गळ्याला मी असा जोड ठेवला असता तर गिऱ्हाइकाने तो माझ्या तोंडावर फेकला असता. शिवाय त्या धडाचा डावा खांदा उजव्यापेक्षा वर होता. “केतन, निदान खांदे तरी सरळ कर रे,” मी दर वर्षी म्हणायची. तो नुसता मान खाली घालायचा.

आणि यंदा एआय. पोरं दिसतायत अशी, की त्यांच्या आया परकी समजून त्यांना जेवायला वाढणार नाहीत. गोरे पान, पोटावर वड्या, मागे विलायती स्टेडियम. दादूच्या एका हाताला सहा बोटं. खांदे मात्र अगदी सरळ, मानेला कुठे जोड नाही. मला हवं होतं तेच केतनने करून दाखवलं होतं, आणि मला त्या जुन्या वाकड्या धडाची आठवण येत होती. माणसाचं काही खरं नसतं बघा.

त्याच आठवड्यात मार्तंड माझ्या दुकानात आला. मार्तंड जाळी दुरुस्त करतो. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून डाव्या काखेत कुबडी. दिवसभर उलट्या घातलेल्या होडीला टेकून विणत बसतो आणि संध्याकाळी पोरं जमली की बसल्या जागेवरून टेनिसचा चेंडू तेलाच्या डब्यावर मारतो. त्याचा नेम कधी चुकलेला मी तरी पाहिला नाही. आजवर तो तयार शर्टच घालायचा, पण भाचीच्या लग्नासाठी त्याला शिवलेला हवा होता.

“कुबडी ठेव बाजूला, टेबलाला टेक,” मी म्हटलं.

तो टेकला. हात कुठे ठेवावेत कळेना, म्हणून त्याने हाताची घडी घातली. मी टेप घेऊन मागून पुढे आले आणि थांबले. डावा खांदा वर. रुंद छाती. वर्षानुवर्षं मी ज्याला नावं ठेवत आले ते अख्खं धड माझ्या दुकानात उभं होतं, आणि आज त्याच्यावर त्याचं स्वतःचं डोकं होतं.



“मार्तंड, कार्डावर तू आहेस?”

तो हसला. “आता वलखलंस व्हय गो? इतकी वर्सं शिव्या देत व्हतीस खांद्याला.”

“बोलला का नाहीस मग?”

“काय बोलू? खांदा वाकडा हाय तो हायच.”

मग त्याने सांगितलं. धडांचा जमाना सुरू झाला त्या वर्षी त्याने लिलावात नाव दिलं होतं. केतनने फोटोही काढला होता, निळ्या जर्सीत होडीला टेकवून, कुबडी दिसणार नाही असा. सामने भरवणाऱ्या मंडळाचा प्रमुख काशीराम. त्याने नाव कापलं, धावता न येणारा खेळणार काय म्हणून. नाव कापलं तरी फोटो राहिला. बाकीच्यांनी पासपोर्ट फोटो दिले होते, केतनला धड हवं होतं.

“इचारलं त्याने मना. मी बोललो, वापर.” मार्तंड कुबडी काखेत घेत म्हणाला. “नाव नाय तर नाय, टोपलीत तरी जाईन. दर साली लिलावाला बसतो मी. सगळ्यात जास्ती मीच इकला जातो.”

तो हे हसत म्हणाला, पण दाराशी जाऊन वळला. “यंदा त्यात बी नाय मी. तुझ्याकडं जुनी असतील ना? एक दे मना.”

मी जुन्या कार्डांचा डबा काढून दिला. त्याने एक कार्ड उचललं, डोक्यावर अंगठा ठेवला आणि उरलेलं कितीतरी वेळ बघत राहिला.  त्याला टोपलीत जायचं होतं, फक्त एकदा, स्वतःच्या नावाने.

तो गेल्यावर मी कापड कापायच्या टेबलावर त्या जमान्याची सगळी कार्डं मांडली. दादू, परेश, बंदरावरची, बँकेतली, बोटीवर गेलेली पोरं. काशीरामसुद्धा, जो त्या काळी खेळायचा. त्याच्या बायकोने ते कार्ड मोठं करून टीव्हीच्या वर टांगलंय आणि येईल त्याला सांगते, बघा आमच्या यांची छाती. सगळा गाव एका माणसाच्या खांद्यावर उभा होता, आणि तो माणूस समोरच होडीला टेकून आमचीच जाळी सांधत होता. 

मी तशीच केतनकडे गेले.

“मूळ फोटो आहे?”

“हेमांगीताई, जुन्या हार्ड डिस्कमध्ये असेल. आता कशाला?”

“डोक्यासकट हवा. काहीएक करायचं नाही. ज्वाळा नको, सिंह नको, एआय तर नकोच. पहिल्या वर्षीसारखा कागद.”

तो मग गिऱ्हाइकाचा फ्लेक्स अर्धवट सोडून माळ्यावर चढला.

काशीराम सोपा नव्हता. “ताई, दया म्हणून खेळवायचं का त्याला?”

“अंडरआर्मला धावून बॉल टाकतात का रे? उभ्यानेच टाकतात ना? आणि बॅटिंगला रनर चालतो हा नियम तूच केलास, तुझा गुडघा दुखत होता तेव्हा.”

काशीराम मग म्हणाला, “टाक कार्ड टोपलीत. पण कोणी बोली लावली नाही तर सगळ्यांसमोर त्याची शोभा होईल. ती तुझ्या माथी.”

हे मात्र खरं होतं. मार्तंडला विचारलं तर तो बराच वेळ सुई फिरवत राहिला आणि म्हणाला, “न इकलेली मासळी बी टोपलीत असतेच गो. टाक.”

लिलाव देवळासमोरच्या मांडवात झाला. मार्तंड नव्या शर्टात, मागच्या खांबाला टेकून. सोनूबाई एकेक चकचकीत कार्ड काढत होती, बोली चढत होत्या, पोरं शिट्ट्या मारत होती. मला काही ऐकू येत नव्हतं, मी टोपलीच्या तळाकडे बघत होते. शेवटी गुलाबी कागद वर आला.

“मार्तंड,” सोनूबाईने वाचलं. “उजवा.”

मांडवात कोणीतरी हसलं. कार्ड मालकिणींच्या हातातून फिरायला लागलं आणि हसू तिथेच विरलं. पुतळाबाई, सगळ्यात जुनी मालकीण, कार्ड डोळ्यांजवळ नेऊन बघत होती. तिच्या संघातली निम्मी पोरं तिने ह्याच छातीवर घेतली होती. तिने कार्ड बघितलं, मग वळून खांबाकडे बघितलं. तिच्या मागे उभ्या दादूने वाकून बघितलं. “आयला, ही तर माझी बॉडी!” मग परेश पुढे आला. मग दुसरी पोरं. प्रत्येकजण कार्ड बघत होता, मग मार्तंडकडे, मग नकळत स्वतःच्या खांद्याकडे. काशीराम नेहमीसारखा हाताची घडी घालून उभा होता. कार्ड त्याच्याकडे आलं. त्याने बघितलं आणि हळूच घडी सोडली.

एवढ्या माणसांचा मांडव, आणि पताकांची फडफड तेवढी ऐकू येत होती. मार्तंड खाली बघत होता. त्याला वाटलं असावं, कोणी घेणार नाही. मलाही तेच वाटलं.

“बोला गो बायांनो,” सोनूबाई म्हणाली. 

“मना दे,” पुतळाबाई म्हणाली.

“तुझी कशी? मी घेते,” पलीकडून दुसरी ओरडली, आणि मग एकच गलका झाला. सोनूबाईला सगळ्यांना खाली बसवून पुन्हा पहिल्यापासून पुकारावं लागलं. बोली कुठे थांबली ते मी सांगणार नाही, मला कळलंही नाही. डोळे भरून आले होते. घेतला पुतळाबाईनेच.

कायद्याप्रमाणे मार्तंड कार्ड घ्यायला पुढे आला. कुबडी वाळूत रुतत होती, कोणी हात दिला नाही, सगळे फक्त बाजूला होत गेले. त्याने कार्ड घेतलं आणि माझ्यापुढे धरलं.

“काय गो, काय नाव ठेवतेस आता?”

मी कार्ड उजेडात धरलं. होडीला टेकलेला तरणा मार्तंड, हाताची घडी, डावा खांदा वर. ऊन एकाच बाजूने आलेलं, कपाळावर, गालावर, तिथून खाली छातीपर्यंत. मी शिंप्याच्या सवयीने जोड शोधला. मानेवरून दोनदा नजर फिरवली.

“जोड नाही रे,” मी म्हटलं.