नऊ वर्षांची केस

आमच्या गावच्या आरोग्य केंद्रामागे दोन खोल्या आहेत. गोव्यातल्या नार्व्याहून अर्ध्या तासाची वाट. शहरातल्या वैद्यकीय कॉलेजची मुलं खेड्यातली डॉक्टरी शिकायला तिथं महिनाभर राहतात. मी सावंतवाडीकडून खाणीवर कामाला आलो आणि छातीच्या दुखण्यानं काम सुटलं. तेच दुखणं मुलांच्या उपयोगी पडलं. माझ्या काळजाची डावी झडप गळते. छातीला डॉक्टरची नळी लावली की फुसफुस ऐकू येते. महिनाअखेर मोठे सर येऊन परीक्षा घेतात, तेव्हा मला खाटेवर बसवतात. मला ‘केस’ म्हणतात.

नऊ वर्षं मी केस आहे. काय विचारतात, काय सांगायचं, सगळं पाठ. चढावर धाप लागते का? लागते. झोपताना उशा किती? दोन. आजाराचं नाव घ्यायचं नाही, असं शिपाई बाबली दर वेळी बजावतो. पण आदल्या दिवशी मुलं चहा आणि उंडो पाव घेऊन येतात आणि माझ्या तोंडून ते निसटतंच.

त्या खेपेला पेडण्याची सुमंगला होती. आधी एकदा नापास झालेली. पुन्हा तसं झालं तर शिक्षण पुरे, स्थळ पाहून ठेवलंय, असं वडिलांनी कळवलं होतं. ती उंडो घेऊन कधी आली नाही. माझ्या पायाची जखम मात्र रोज धुवायची. म्हणून मी ठरवलं, हिला न विचारताच सांगायचं.

परीक्षेच्या सकाळी आधी तिच्याबरोबरचा गुरुदास आला. म्हणाला, “आबा, तुमच्यापेक्षा माझंच काळीज जास्त उडतंय.” मग मी आदल्या दिवशी सांगितलेलं सगळं त्यानं सरांपुढे घडाघडा म्हटलं. सरांनी मान हलवली.

मग सुमंगला. तिनं नळी छातीवर ठेवली, मग पाठीवर, मग पुन्हा छातीवर. नाडी धरून घड्याळाकडे बघत राहिली. परीक्षेच्या अर्ध्या तासातली दहा मिनिटं तशीच गेली, कागद कोरा. मला राहवलं नाही.

“बाये, डावी झडप गळता. तसा लिही.”

तिनं ते लिहिलं नाही. नाडीचा ठेकाच सापडत नाही, पाठीत पाणी वाजतंय, असं काहीसं पुटपुटली. मग विचारलं, उशा किती? मी म्हटलं, दोन.

“आबा, ह्या तुमी नऊ वर्सां सांगतास. आज कसा वाटता ता सांगा.”

असं कुणी विचारलं नव्हतं. दोन उशा कधीच्या, तेही आठवेना. महिनाभर मी भिंतीला टेकून बसूनच झोपत होतो. पण ते सांगितलं तर केस बदलते आणि हिची परीक्षा बिघडते, असं मला वाटत होतं. खरं सांगून हिला बुडवायचं की खोटं सांगून तारायचं, काही कळेना. शेवटी तिचं बोट अजून नाडीवर होतं, म्हणून मी खरं सांगितलं.

तेवढ्यात सर आले. कागदावर चार ओळी होत्या. झडप कुठली, त्यांनी विचारलं. नीट ऐकू येत नाही, ती म्हणाली. मग थांबली, आणि म्हणाली, “सर, यांना आजच शहरात न्यायला हवं. माझी परीक्षा राहू दे.”

सरांनी माझ्या पाठीला नळी लावली. कितीतरी वेळ काढली नाही. मग बाबलीला जीप काढायला सांगितली आणि तिला म्हणाले, “तू पण बस. उरलेलं वाटेत सांग.” ती वाटभर इंग्रजीत सांगत होती, सर मध्येच काही विचारत होते. सर तिला रागावतायत, असं मला वाटत होतं.

पंधरा दिवसांनी ती शहरातल्या वॉर्डात मला भेटायला आली. पास झाली होती, जेमतेम. झडप ओळखली नाही, केस वेळेत पुरी केली नाही, त्याचे गुण गेले. सगळ्यांत जास्त गुण गुरुदासला.

“मी सांगितलेलाच सांगल्यान तेणा,” मी म्हणालो.

“झडप तर गळतेच ना, आबा,” ती म्हणाली. “तो काही चुकला नाही.”

मग नक्की चुकलं कोण, ते मला अजून कळलेलं नाही. पेडण्याची शेवटची बस चुकेल म्हणून ती उठली. वडिलांना पास झाल्याचं स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं.