दुसरा दबाव

अप्पांच्या पदकांच्या डबीत तळाशी एक स्प्रिंग सापडली. बोटाच्या पेराएवढी, सिगरेटच्या चांदीत गुंडाळलेली. ती कसली आहे हे मला माहीत होतं; निदान तसं वाटलं. रुमालात बांधून ती पर्समध्ये टाकली आणि सणसरहून बारामतीची एसटी धरली.

चार वाजता नारायणराव अप्पांची रायफल न्यायला सावळारामतात्यांच्या बंदुकांच्या दुकानात येणार होते. त्याआधी मला पोहोचायचं होतं.

अप्पा माझे वडील. त्यांना जाऊन सहा महिने झाले होते. परवाना त्यांच्या नावावर, तेव्हा ते गेल्यावर रायफल घरात ठेवता येत नव्हती. तात्यांचं दुकान सरकारमान्य, म्हणून तिथे जमा केली. मग अर्ज, दाखले, इंदापूरला खेपा, पुण्याला खेपा. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे, कागदांना कंटाळणारी नाही. पण या कागदांनी थकले. प्रत्येकावर अप्पांच्या नावाआधी ‘मयत’ लिहावं लागे.

नारायणराव लोणी भापकरचे, तेही फौजेतून निवृत्त. पतसंस्थेच्या दारात पहाऱ्याला आता अप्पांच्या जागी तेच उभे राहत. रायफलही त्यांनीच घ्यायचं ठरलं. अप्पांच्या जलदान विधीला आले तेव्हा मांडवात म्हणाले होते, “आपली बंदूक कायम भरलेली. चोर काय थांबतोय व्हय गोळी घालूस्तवर?” लोक हसले. मी मात्र तेव्हापासून नीट झोपले नव्हते. त्या रायफलीचा घोडा हलका, जराशा दाबाने सुटेल असा करून घेतलेला होता, आणि तो माझ्या हट्टामुळे. भरलेल्या बंदुकीला तसला घोडा, आणि दारात दिवसभर माणसांची ये-जा. डबीतली जुनी, घट्ट स्प्रिंग परत बसवायची तर तात्यांना सांगावं लागणार होतं. आणि तात्या नारायणरावांना म्हणाले असते की अप्पांचं बोट कामातून गेलं होतं. मग ते तालुकाभर झालं असतं.

बोटाचं मला कळलं ते गेल्या वर्षीच्या निवडणुकीनंतर. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. मार्चमध्ये ती परत आणायला मी अप्पांबरोबर गेले होते. हवालदार म्हणाला, “रिकामी हाय ना? घोडा दाबून दाखवा, आबा.” अप्पा किंचित भिंतीकडे वळले. उजवं बोट घोड्यावर होतं, पण दाबला तो डाव्या हाताच्या अंगठ्याने. संधिवाताने उजव्या तर्जनीचं पेर आल्याच्या गाठीसारखं सुजलं होतं. हवालदाराला दिसलं नाही. मला दिसलं.

मे महिन्यात पहारेकऱ्यांची गोळीबाराची चाचणी होती. तीत नापास होणारा दारातून घरी.

“सोडा आता,” मी म्हटलं. “पेन्शन आहे, मी आहे.”

“तू हायेस गं. पन मी कुठं असू?”

माझे आजोबा गावकीची काठी घेऊन पाटलाच्या दारात उभे राहत. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली आणि काठी टाकली. अप्पा याबद्दल फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाले होते, “काठी गावाची हुती. बंदुकीच्या परवान्यावर माझं नाव हाय.”

म्हणून मीच त्यांना तात्यांकडे नेलं. तात्यांनी रायफल शिकंज्यात धरली, घोड्याला ताणकाटा अडकवून हळूहळू ओढला. टक् असा आवाज झाला तेव्हा काटा तीन किलोंवर होता. आतले भाग घासून गुळगुळीत केले, नरम स्प्रिंग घातली. पुन्हा ओढला. दीड.

अप्पांनी डोळे मिटून घोडा दाबून पाहिला. फौजेत शिकवलेलं ते पुटपुटत होते, हिंदीत: पहला दबाव, दूसरा दबाव. पहिल्या दबावाने नुसता घोड्याचा ढिलेपणा संपतो. दुसरा खरा, गोळी त्यावर सुटते. टक् झालं आणि ते हसले. जुनी स्प्रिंग त्यांनी खिशात टाकली. चाचणीत पाचातल्या चार गोळ्या लागल्या. त्या दिवशी येताना त्यांनी भिगवण रस्त्यावर मला उसाचा रस पाजला.

तात्या दुकानात एकटेच होते. मी सगळं सांगितलं आणि रुमाल सोडला.

“ही जुनी स्प्रिंग. नारायणकाका यायच्या आत बसवा. आणि तात्या, त्यांना यातलं काही बोलू नका.”

तात्यांनी चष्मा पुसला. स्प्रिंग चिमटीत धरली, दाबली, उजेडाकडे नेली.

“बाई, ही जुनी न्हाय. ही नरम.”

“असं कसं? नरम तर तुम्ही आत घातली.”

“घातली. आन् काढली बी.” ते खाली बघत म्हणाले. “चाचनीच्या दुसऱ्याच दिशी आप्पा आलं की एकलंच, पयल्या गाडीनं. म्हनलं, सावळाराम, परत घट्ट कर.”

“का?”

“म्हनलं, संस्थेत बाया येत्यात, कडंवर ल्येकरं असत्यात. ह्याला नुसता धक्का लागला तरी उडंल. मी म्हनलं, आवं, मंग तुमास्नी ओढायची कशी? तर मलाच हासलं. म्हनलं, मला कुठं वढायचीय? मला हुबं ऱ्हायाचंय.”

मी स्टुलावर बसले. मे ते जानेवारी, आठ महिने. रोज सकाळी इस्त्रीचा खाकी सदरा घालून ते जात होते, आणि खांद्यावरची रायफल त्यांना झाडता येणार नव्हती. चोर आले असते तर तसलीच रायफल घेऊन ते पुढे झाले असते. मागे हटले नसते, एवढं मी त्यांना ओळखते. रोज संध्याकाळी मी विचारायची, “बोट कसं आहे?” ते म्हणायचे, “मस्त.”

“तुम्ही मला कळवायचं होतं, तात्या.”

“शपथ घातलीवती, बाई.”

त्यांनी रायफल आणली, रिकामी असल्याचं उघडून दाखवलं, शिकंज्यात धरली. “बघा दाबून.”

मी तर्जनी ठेवली. पहिला दबाव आला, संपला. मग भिंत. माझं बोट धडधाकट आहे, तरी नख पांढरं पडलं. टक्.

नारायणराव पावणेचारलाच आले, कपाळावर अष्टगंध, हातात पेढ्यांचा पुडा. माझ्यासमोर पेढे बरे दिसणार नाहीत असं वाटून त्यांनी तो पिशवीत ढकलला. मला ते आवडलं. मग रायफल उचलली, खांद्याला लावली, शटरकडे रोखून घोडा दाबला.

“आयला, केवढा घट्ट! आप्पाचं बोट हुतं का पहार? तात्या, जरा हलका करा की ह्यो. म्हातारं झालो आता आमी.”

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. नरम स्प्रिंग काउंटरवर रुमालात तशीच पडली होती. घासलेले भाग आत होतेच. ती बसवायला अर्धा तास पुरला असता.

“नको, काका,” मी म्हटलं. “तशीच राहू दे. अप्पा शेवटपर्यंत अशीच घेऊन उभे होते.”

“व्हय?” नारायणरावांनी पुन्हा एकदा दाबून पाहिला. “कमाल हाय म्हाताऱ्याची.”

“आणि भरून ठेवू नका. अप्पा ठेवत नव्हते.”

“बरं बाई. तुजा बाप सांगतोय म्हनून ऐकतो.”

तात्यांनी वही पुढे सरकवली. मी सही केली. वारस म्हणून, मयताची मुलगी. स्प्रिंग पुन्हा चांदीत गुंडाळली. तात्या चहा मागवत होते, पण साडेचारची गाडी होती.

“बसा की, बाई. पाचची बी हाय.”

मग बसले.