लेबलावर ‘खराब’ लिहिलेली कॅसेट

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे, आणि अजून माझ्या अंगातली थरथर गेलेली नाही. धूळ खात पडले, अडगळीत गेले, कोणी विचारेना, अशी रडगाणी तुम्ही जुन्या वस्तूंच्या तोंडून पुष्कळ ऐकली असतील. माझं तसं काही नाही. मला कोणी विसरलं नव्हतं. एका मुलीने मला मोठ्या प्रेमाने उचललं, रुमालात गुंडाळलं आणि स्वच्छ करायला दिलं. त्या स्वच्छतेने माझं काय झालं, ते ऐका.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला हातात धरलंही नसेल, म्हणून आधी ओळख करून देते. तळहाताएवढी प्लॅस्टिकची डबी, तिच्यात दोन चकत्या आणि त्यांच्यावर गुंडाळलेली तपकिरी फीत. एका बाजूला अर्धा तास, उलटी केली की आणखी अर्धा तास. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी कोरी होते. माझ्या सोबतच्या कॅसेटी आधीच गाणी भरून ऐटीत दुकानात मिरवायच्या आणि मी आपली रिकाम्या पोटी बसलेली. एका घड्याळजींनी मला निवडून घेतलं, तेव्हा मला काय आनंद झाला होता!

घड्याळजींच्या घरात तीन माणसं होती. ते स्वतः, त्यांची बायको आणि सात वर्षांची मुलगी. मुलगी सारखी काहीतरी गोळा करत तुरुतुरु पळायची, म्हणून तिला सगळे खारू म्हणायचे. बायको आतल्या खोलीत शिलाई मशीनवर लोकांचे कपडे शिवायची. आणि दर रविवारी सकाळी साडेदहाला टीव्हीवर अर्धा तास सिनेमाची गाणी लागायची.

आज तुम्हाला हवं ते गाणं हवं तेव्हा मिळतं. तेव्हा गाणं त्याच्या मर्जीने यायचं. हुकलं की हुकलं, मग महिना महिना वाट बघा. म्हणून घड्याळजींनी ते टीव्हीवरून माझ्यात उतरवायचं ठरवलं. टीव्हीसमोर स्टूल, स्टुलावर टेपरेकॉर्डर, टेपरेकॉर्डरच्या पोटात मी. वायर जोडायची सोय नव्हती. टीव्हीने गायचं, टेपरेकॉर्डरच्या माइकने ऐकायचं, असा सगळा उघडा कारभार होता. खोलीत जो आवाज होईल तो माझ्यात शिरणार!

त्यावर घड्याळजींची तयारी बघण्यासारखी असे. खिडक्या बंद, पंखा बंद, गळक्या नळाखाली फडकं. शिवाय घरात दुरुस्तीला आलेली वीसेक घड्याळं टिकटिकत असायची. ती सगळी ते एकेक करून थांबवायचे आणि कार्यक्रम संपला की एकेक करून पुन्हा लावायचे. मग बोट वर करून सांगायचे, “आता अर्धा तास कोणी हूं की चूं करायचं नाही.”

घरातलं प्रत्येक घड्याळ त्यांचं ऐकायचं. बायको तेवढी ऐकायची नाही. ती बिचारी मुद्दाम करायची असं नाही, पण गाणं लागलं की तिला गप्प बसवतच नसे. कधी गुणगुणायची, तेही चुकीच्या शब्दांत. कधी मध्येच कात्री खाली पडायची. मला खरं तर गंमत वाटायची, पण घड्याळजींच्या कपाळावर आठ्या चढायच्या.

एके रविवारी ते गाणं लागलं, ज्याची घड्याळजी तीन महिने वाट बघत होते. पडद्यावर नायिका खिडकीशी रडत होती. घड्याळजींनी श्वाससुद्धा रोखून धरला होता. तेवढ्यात बायको दारात आली आणि म्हणाली, “अहो, हिला एवढं रडायला काय झालंय? आत्ताच तर लग्न ठरलं ना हिचं?”

“श्श!” घड्याळजी म्हणाले.

ती तोंडावर हात धरून हसली. मग तिच्या मते अगदी हळू, म्हणजे मला लख्ख ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, “खारू, इकडे ये बाळ. फ्रॉकची बाही घालून बघ. हात वर कर. आणखी वर. अगं, किती वाढलीस गं तू!”

“अगं, गप्प बस ना जरा!” घड्याळजी ओरडले. हेही माझ्यात उतरलं. त्यानंतर गाणं संपेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

त्या दिवशी घड्याळजींचा चेहरा पडला होता. त्यांनी माझ्या लेबलावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘खराब’. मला धक्काच बसला. पहिल्या बाजूला सहा गाणी नीट धरून ठेवली होती मी, त्यांचं काहीच नाही? वर म्हणाले, हिच्यावर पुन्हा दुसरं काही भरू. म्हणजे माझ्यातलं सगळं पुसणार होते. मी कित्येक दिवस जीव मुठीत धरून बसले होते.

ते पुसणं कामाच्या रगाड्यात राहून गेलं. वर्षं गेली. आणि खारू दहावीत असताना तिची आई आजारी पडली आणि तीन आठवड्यांत गेली. इतक्या झटपट, की त्या घरात आठवडाभर कोणी नीट रडलंसुद्धा नाही. नुसते एकमेकांकडे बघत बसायचे.

नंतर एका दुपारी घड्याळजींनी मला टेपरेकॉर्डरमध्ये घातलं. पुसायलाच घातलं असणार, असं मला वाटलं. पण त्यांनी गाणं लावलं. “अहो, हिला एवढं रडायला काय झालंय?” त्यांनी चटकन बटण दाबलं. मागे गुंडाळलं. पुन्हा लावलं. घरात तिचे फोटो होते, तिने शिवलेले कपडे होते, पण तिचा आवाज जगात फक्त माझ्यापाशी होता. त्यांनी घड्याळाचा बारीक चिमटा घेतला आणि माझ्या पाठीच्या कडेला असलेल्या दोन चिमुकल्या पट्ट्या कटकट तोडून टाकल्या. त्या तोडल्या की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. लेबल मात्र बदलायचं त्यांना सुचलं नाही.

खारूला त्यांनी काहीच सांगितलं नाही. आईचा विषय निघाला की ती ताटावरून उठायची, म्हणून त्यांनी तो विषयच घरातून काढून टाकला. ती कॉलेजला, पुढे नोकरीला जायची, तेव्हा दार लावून ते मला ऐकायचे. सहा वर्षांपूर्वी टेपरेकॉर्डर बंद पडला. त्याच्या आतला रबरी पट्टा कुठे मिळेना. तेव्हापासून मी त्यांच्या हत्यारांच्या खणात होते आणि रोज सकाळी ते खण उघडून मी आहे ना, एवढं बघायचे.

आता खरी गोष्ट. घड्याळजी पंचाहत्तर वर्षांचे होणार होते. खारूला त्यांना काहीतरी द्यायचं होतं. खणात मी तिला सापडले. ‘खराब’ हा शब्द बघून तिला बाबांचा तो पडलेला चेहरा आठवला. कॅसेट कशामुळे खराब झाली, ते सात वर्षांच्या मुलीला काय आठवणार? ती मला रेकॉर्डिंगवाल्याकडे घेऊन गेली आणि म्हणाली, “बाबांनी स्वतःच लिहिलंय बघा. बिचारे एकेका गाण्यासाठी अख्खं घर शांत करायचे. यातला सगळा गोंगाट काढून गाणी स्वच्छ करून द्याल?”

“हल्ली काय, गाणं तेवढं ठेवून बाकीचं सगळं उचलून काढता येतं, ताई. कॅसेट परत हवी का?”

“नको. ती ऐकायला आमच्याकडे काही नाहीच.”

माझ्या पायाखालची जमीनच सरकली! ओरडावं तर कॅसेटला स्वतःहून तोंड उघडता येत नाही. अगं बये, एकदा ऐकून तरी बघ! पण ती छान हसून निघूनही गेली.

रेकॉर्डिंगवाला माणूस वाईट नव्हता. दोन दिवस कानाला हेडफोन लावून तो मान मोडून बसला. मध्येच म्हणाला, “काय बडबडते ही बाई!” आणि संगणकाच्या पडद्यावर तिच्या आवाजाची रेघ निवडून पुसली. मी ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. मग जागा अडते म्हणून त्याने माझ्यातून उतरवलेली पहिली, न पुसलेली प्रतही संगणकातून काढून टाकली. माझी डबी त्याला चांगली वाटली. कोणाच्या तरी फुटलेल्या कॅसेटला बसेल, म्हणून त्याने पाच स्क्रू काढले, डबी घेतली आणि माझ्या चकत्या टेबलाखालच्या कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या. माझी फीत सुटून तिचा सगळा गुंता झाला.

रविवारी खारू बाबांना घेऊन तिथे आली. “बाबा, इथले स्पीकर मोठे आहेत. डोळे मिटून ऐका.” घड्याळजी थकलेले दिसत होते. चार दिवस ते खण उपसून मला शोधत होते आणि कोणाला विचारतही नव्हते. गाणं सुरू झालं. इतकं नितळ, जणू आताच कोणी गायलंय! त्यांचा चेहरा उजळला. आपली कॅसेट त्यांनी ओळखली. ते पुढे सरकून बसले. ती जागा जवळ आली तसे त्यांचे ओठ हलायला लागले. “अहो…” असं ते स्वतःच पुटपुटले.

स्पीकरमधून नुसती बासरी वाजली.

“हिचा आवाज कुठे गेला?” घड्याळजी म्हणाले.

“कोणाचा, बाबा?”

“अगं, तुझ्या आईचा! इथे बोलते ती. इथेच बोलते. तुला बाही घालून बघते.”

खारूचा चेहरा पांढराफटक पडला. रेकॉर्डिंगवाल्याने चष्मा काढला. ते स्वच्छ गाणं मात्र निर्लज्जासारखं वाजत राहिलं. ते बंद करायचंही कोणाला सुचलं नाही.

मग खारूला टेबलाखालच्या टोपलीतून डोकावणारी तपकिरी फीत दिसली. ती एकदम गुडघ्यांवर बसली आणि टोपली जमिनीवर पालथी केली. “हात लावू नकोस!” घड्याळजी ओरडले. त्यांनी खिशातून भिंग आणि चिमटा काढला, भिंग डोळ्याला लावलं आणि खाली तिच्याजवळ फतकल मारून बसले. एरवी चहाचा कप धरतानासुद्धा त्यांचा हात थरथरतो. माझं टोक चिमट्यात धरल्यावर थरथरला नाही. खारू दोन बोटांवर फीत धरायची, ते एकेक पीळ सोडवायचे. “मीच टाकायला सांगितली, बाबा,” ती रडत रडत म्हणाली. “मीच लिहिलं होतं खराब,” ते म्हणाले. “सैल सोड. ओढू नकोस.” चार तास लागले. रेकॉर्डिंगवाल्याने माझीच डबी शोधून आणली आणि पाचही स्क्रू स्वतः बसवले.

पहिलं गाणं वाकडंतिकडं वाजलं. माझ्या अंगावर सुरकुत्या पडल्या होत्या, त्याला मी काय करणार? मग ती जागा आली.

“अहो, हिला एवढं रडायला काय झालंय?”

खारूने दोन्ही हात तोंडावर धरले. “श्श!” झालं, हसू झालं. “खारू, इकडे ये बाळ.” पंचेचाळीस वर्षांची ती बाई खरोखरच उठून उभी राहिली. “हात वर कर. आणखी वर. अगं, किती वाढलीस गं तू!”

आणि लगेच घड्याळजींचा तरुण आवाज खेकसला, “अगं, गप्प बस ना जरा!”

“नको गं,” म्हातारे घड्याळजी स्पीकरकडे बघत म्हणाले. “बोल तू. बोल.”

पण पुढे गाणंच होतं. ती बोलणार नव्हती, हे मला आणि त्यांना दोघांनाही पाठ होतं. तरी ते शेवटपर्यंत वाट बघत राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं काहीतरी असेल. एखादी कॅसेट, एखादा बंद पडलेला फोन, कोणाच्या तरी हातचं ‘खराब’ लिहिलेलं काहीही. पुसण्याआधी, टाकण्याआधी, अगदी प्रेमाने स्वच्छ करण्याआधीसुद्धा ते एकदा पूर्ण ऐका. आणि घरात कोणी गाण्याच्या मध्ये बोललं, तर बोलू द्या. एवढंच मागते.

त्या दिवशी मी वाजत असतानाच रेकॉर्डिंगवाल्याने माझी नवी प्रत उतरवून घेतली. घाईत त्याने समोर उघडा माइकच लावला होता, त्यामुळे खोलीतलं सगळं त्यात आलं. कान पाडून तो म्हणाला, “काका, यात ताईंचं रडणं आलंय. तुमचा खोकला आलाय. आणि ते ‘बोल तू’ पण आलंय. काढू का?”

“एक चकार शब्द काढायचा नाही,” घड्याळजी म्हणाले.